रहिमतुल्ला सयानी : मुंबईचा कायदा झाला तेव्हा खुर्चीत बसलेला माणूस

वरळी कोळीवाड्यातून निघून सेंच्युरी बाजारावरून सिद्धिविनायकाच्या बाजूला गेलं की रवींद्र नाट्यमंदिर लागतं. ते ज्या रस्त्यावर उभं आहे, त्याचं नाव सयानी रोड. रोज हजारो लोक त्या रस्त्यानं जातात, टॅक्सीवाल्याला नाव सांगतात, पाकिटावर पत्ता लिहितात. आम्हीही कितीतरी वर्षं तेच करत होतो.

सहावीच्या नागरिकशास्त्रात शहरी स्थानिक शासनाचा धडा आहे. महापौर, नगरसेवक, आयुक्त, स्थायी समिती असं सगळं आम्ही फळ्यावर लिहीत होतो. कोळीवाड्यातून येणाऱ्या एका मुलीनं हात वर केला. सर, सयानी रोडवरची ही सयानी कोण, कोणी हुशार मुलगी होती का, असं तिनं विचारलं. हिंदीत सयानी म्हणजे शहाणी, हे तिला माहीत होतं. वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण नंतर स्टाफरूममध्ये बसल्यावर वाटलं की प्रश्न हसण्यासारखा नाही. धडा होता महापालिकेचा आणि नाव होतं महापालिकेच्या एका अध्यक्षाचं. दोन्ही एकाच फळ्यावर यायला हवी होती, ती आम्ही आणली नव्हती.

म्हणून हा लेख मरहूम रहिमतुल्ला महंमद सयानी यांच्यावर. काँग्रेसचे अध्यक्ष झालेले मुसलमान म्हटलं की आपल्याकडे बद्रुद्दीन तय्यबजी आठवतात, मौलाना आझाद आठवतात. सयानी साहेब या दोघांच्या मधे कुठंतरी राहून जातात. त्यांच्या आयुष्यातली आमच्या मते सर्वात मोठी गोष्ट कलकत्त्याच्या मंडपात घडली नाही, ती मुंबईच्या महापालिकेत घडली. ती गोष्ट आज वरळीच्या बंदरावर उभं राहिलं की जास्त कळते.

सयानी यांचा जन्म १८४७ चा. घराणं कच्छचं, जमात खोजा, आगाखानांना मानणारी. खोजा लोक तेव्हा मुंबईत मांडवी, डोंगरी, भेंडीबाजार या भागात व्यापार करत. घरात कच्छी आणि गुजराती, दुकानात हिशेबाची चोपडी. अशा घरातला मुलगा साधारणपणे पेढीवर बसायचा. सयानी शाळेत गेले, पुढे कॉलेजात गेले. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं होतं आणि पहिल्या काही वर्षांत तिथून पदवी घेणाऱ्यांत पारशी आणि ब्राह्मण मुलांचीच नावं मोठ्या संख्येनं होती. एम.ए. आणि त्यावर कायद्याची पदवी घेणाऱ्या अगदी पहिल्या मुस्लिमांमध्ये सयानी होते. पुढे ते सॉलिसिटर झाले.

हा पेशा लक्षात ठेवण्यासारखा आहे. बॅरिस्टर कोर्टात उभा राहून बोलतो, त्याचं नाव होतं. सॉलिसिटर कागद तयार करतो, करारातला एकेक शब्द तपासतो, कलम कुठं आपल्या अंगावर येईल ते आधी बघतो. सयानी यांना नंतर ज्या कामात पडायचं होतं त्या कामाला असाच माणूस लागत होता.

त्या काळची मुंबई कशी चालायची ते थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

१८६५ च्या कायद्यानं मुंबईची नगरपालिका नव्यानं उभी राहिली. तिचे सभासद म्हणजे सरकारनं नेमलेले जस्टिस ऑफ द पीस. लोकांनी निवडलेला एकही माणूस नाही. प्रत्यक्ष सत्ता एका माणसाच्या हातात, तो म्हणजे म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. आज ज्याला आपण क्रॉफर्ड मार्केट म्हणतो, तिथं त्याचंच नाव चिकटलेलं आहे. माणूस कर्तबगार होता यात शंका नाही. रस्ते केले, बाजार बांधला, सफाई सुधारली. पण खर्चाला धरबंद राहिला नाही, तिजोरी रिकामी झाली आणि कर भरणारे लोक १८७१ मध्ये चिडून उठले. तेव्हा शहरात दोन मतं होती. काहींना क्रॉफर्ड नको होता. तरुण फिरोजशहा मेहतांचं म्हणणं वेगळं होतं. दोष एकट्या माणसाचा नाही, त्याच्यावर देखरेख करायला लोकांनी निवडलेली सभा नाही हा खरा दोष, अशी त्यांची मांडणी होती.

त्या भांडणातून १८७२ चा कायदा आला. महापालिकेत ६४ सभासद. त्यातले ३२ करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिस लोकांनी, १६ सरकारनं. म्हणजे बरोबर अर्धे लोकांचे. आज हे कमी वाटेल, पण हिंदुस्थानात तेव्हा अशी गोष्ट फार थोड्या ठिकाणी होती. १८७३ मध्ये नवी महापालिका बसली. बद्रुद्दीन तय्यबजी पहिल्याच वर्षी आत गेले. सयानी १८७६ मध्ये सभासद झाले, तेव्हा त्यांचं वय २९.

महापालिकेपुढे तेव्हा कोणती कामं होती? आज आहेत तीच. वाहतूक, पाणी, सांडपाणी. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली होती. कुलाब्याहून पायधुणीपर्यंत आणि बोरीबंदरहून पायधुणीपर्यंत तिच्या वाटा होत्या. ट्राम चालवणारी कंपनी खासगी आणि रस्ता शहराचा. रूळ कुठं टाकायचे, रस्ता उखडला तर बुजवायचा कोणी, कंपनीनं शहराला काय द्यायचं, हे सगळं करारात बांधावं लागे. ही ट्राम आपल्या मोहल्ल्यांच्या दारातून जात होती, पायधुणी म्हणजे मुसलमानांच्या वस्तीचं नाक. पुढे १९०७ मध्ये विजेची ट्राम आली, १९२६ मध्ये बस आली आणि १९४७ मध्ये ती सगळी सेवा महापालिकेनं स्वतःकडे घेतली. आपण बेस्ट म्हणतो ती हीच. बेस्टचं भाडं वाढलं, गाड्या कमी झाल्या की आज आपण कुरकुर करतो. ती कुरकुर महापालिकेकडे नेता येते, कारण ही सेवा शहरानं विकत घेतली.

पाण्याचंही तसंच. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा, तरी पाणी पुरेना. मग तानसाचं मोठं काम काढलं गेलं. १८९२ मध्ये तानसाचं पाणी शहरात आलं. सयानी अध्यक्ष झाले तेव्हा हे काम ऐन भरात होतं.

आणि सांडपाणी. इथं वरळीचा संबंध येतो.

शहराची घाण कुठं न्यायची हा प्रश्न त्या काळात बरीच वर्षं लोंबकळत होता. १८८० च्या दशकात जी व्यवस्था उभी राहिली तिच्यात जमिनीखालच्या गटारांतून मैला वरळीला आणायचा आणि लव्ह ग्रोव्हच्या पंपिंग स्टेशनातून समुद्रात सोडायचा, असं ठरलं. शहरासाठी हा उपाय योग्य होता, त्यानं रोगराई कमी व्हायला मदत झाली. पण समुद्र कोणाचा होता? तिथं जाळी टाकणाऱ्या कोळ्यांचा. त्यांना विचारणारं कोणी त्या सभेत नव्हतं. मत कोणाला होतं, तर ठरावीक रकमेच्या वर म्युनिसिपल कर भरणाऱ्याला. होडी आणि जाळं एवढीच ज्याची मिळकत, त्या वरळीच्या कोळ्याला मत नव्हतं. उत्तरेतून येऊन मदनपुऱ्यात माग लावणाऱ्या मोमीन विणकरालाही नव्हतं. पायधुणीच्या खोजा आणि मेमन शेटजींना होतं.

हे आम्ही मुद्दाम लिहितो आहोत. आपल्याकडे थोर माणसाचं चरित्र लिहायला बसलं की त्या काळची सगळी सभा पाक-साफ करून टाकायची सवय आहे. सयानी ज्या सभेत बसले ती श्रीमंतांची आणि शिकलेल्यांची सभा होती. तिनं गरिबांसाठी चांगली कामंही केली आणि गरिबांना न विचारता त्यांच्या अंगणात गटारही आणलं. दोन्ही खरं आहे.

१८८५ मध्ये सयानी मुंबईचे शेरीफ झाले. शेरीफ हे मानाचं पद, पण तेव्हा त्याला कामही होतं. नागरिकांनी मागणी केली की टाउन हॉलमध्ये जाहीर सभा बोलावायची ती शेरीफनं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. ७२ प्रतिनिधी जमले. त्यात मुसलमान दोघे, आणि त्यांतले एक सयानी. ७२ मध्ये दोन हा आकडा पुढे बरीच वर्षं मुसलमानांना आणि काँग्रेसलाही टोमणा मारायला वापरला गेला. आम्हाला वाटतं, तो आकडा असाही वाचता येतो की दोघे तरी गेले होते आणि तेही आपल्या मुंबईचे.

आता १८८८ कडे येऊ.

१८७२ चा कायदा जुना झाला होता, तो बदलायचं सरकारनं ठरवलं. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर देशभर स्थानिक स्वराज्याची चर्चा होती, तेव्हा लोकांना वाटलं की आता मुंबईला जास्त अधिकार मिळतील. झालं उलटं. सरकारकडून जो मसुदा आला त्यात कमिशनरचे हात बळकट केलेले आणि महापालिकेचे अधिकार कापलेले. शहरात नाराजी पसरली. महापालिकेनं आणि बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशननं हरकती घेतल्या. कायदेमंडळात फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग या दोघांनी मसुद्याचं एकेक कलम धरून झगडा केला. गव्हर्नर लॉर्ड रे यांचं सरकार बऱ्याच ठिकाणी मागं सरलं. आणि १८८८ चा तिसरा कायदा झाला.

या कायद्याच्या वर्षी मुंबई महापालिकेच्या अध्यक्षपदी निवडून आलेला माणूस रहिमतुल्ला सयानी. अध्यक्ष म्हणजे आजचा महापौर. महापौर हे नाव १९३१ मध्ये आलं, तोवर प्रेसिडेंटच म्हणत. बोरीबंदरासमोरची ती भव्य इमारतही तेव्हा बांधून पुरी व्हायची होती, ती १८९३ मध्ये झाली.

नव्या कायद्यात सभासद ७२ झाले. ३६ करदात्यांचे, १६ जस्टिस लोकांचे, १६ सरकारचे, दोन विद्यापीठाच्या फेलोंनी आणि दोन व्यापारी मंडळानं निवडलेले. प्रमाण पूर्वीइतकंच, अर्धे. पण महत्त्वाचं काम दुसरीकडे झालं. शहराचा कारभार महापालिकेचा, हे कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं. अंमलबजावणी कमिशनरची. पैशावर नजर ठेवायला बारा जणांची स्थायी समिती. कमिशनरनं अंदाजपत्रक मांडायचं, समितीनं तपासायचं, सभेनं मंजूर करायचं. एकानं काम करायचं, दुसऱ्यानं हिशेब मागायचा, तिसऱ्यानं ठरवायचं. क्रॉफर्डच्या काळात जे एका टेबलावर होत होतं, ते आता तीन टेबलांवर गेलं. महापालिकेनं करायलाच हवीत अशी कामंही कायद्यात मोजून दिली. गटारं, रस्ते, दिवे, सफाई, प्राथमिक शाळा. आमच्यासारख्या मास्तर लोकांनी हे शेवटचं विसरू नये. महापालिकेच्या उर्दू शाळा आणि मराठी शाळा ही कोणाची मेहेरबानी नाही, त्यामागं या कायद्याचं कलम आहे.

वाचकांना आश्चर्य वाटेल, पण तोच कायदा आजही चालू आहे. त्यात शेकडो दुरुस्त्या झाल्या, नाव मुंबई महानगरपालिका अधिनियम झालं, पण वर्ष तेच, १८८८. ब्रिटिश गेले, संविधान आलं, प्रौढ मताधिकार आला, १९४८ पासून कोळ्याला आणि विणकरालाही महापालिकेचं मत मिळालं. सांगाडा मात्र सयानी अध्यक्ष होते त्या वर्षीचाच राहिला.

अध्यक्ष असण्याचा अर्थ त्या काळी फार वेगळा होता. एका वर्षाची मुदत. हातात नोकरशाही नाही, निधी नाही. सभा चालवायची, बोलायला उठलेल्याला बोलू द्यायचं, सरकारी सभासद आणि निवडलेले सभासद यांच्यात तोल ठेवायचा, नियम कोणी मोडत असेल तर थांबवायचं. पारशी, हिंदू, इंग्रज, मुसलमान, पोर्तुगीज घराण्यांतले ख्रिस्ती, असे सगळे एका सभेत. त्यांनी एका खोजा सॉलिसिटरला त्या खुर्चीत बसवलं. आजच्या राजकारणात धर्म बघून वॉर्डाचं तिकीट ठरतं, त्या हिशेबानं ही गोष्ट पुन्हा एकदा वाचावी.

त्याच सुमारास मुसलमानांच्या घराघरांत एक मोठा वाद पेटला होता. डिसेंबर १८८७ मध्ये मद्रासला काँग्रेसचं तिसरं अधिवेशन भरलं आणि बद्रुद्दीन तय्यबजी अध्यक्ष झाले. त्याच दिवसांत लखनौला सर सय्यद अहमद खान यांनी मुसलमानांनी काँग्रेसपासून दूर राहावं असं सांगितलं. अलीगढचं वजन मोठं होतं. सर सय्यद यांना भीती होती की निवडणूक आली की संख्येनं जास्त असलेल्यांचंच चालेल आणि मुसलमान मागं पडतील. ही भीती खोटी होती असं आम्ही म्हणणार नाही. शिक्षणात कौम मागे होती, नोकऱ्यांत मागे होती, १८५७ चा घाव ताजा होता.

पण मुंबईचा अनुभव वेगळा होता. तय्यबजी आणि सयानी या दोघांनी अनेक वर्षं निवडणुकीच्या सभेत बसून पाहिलं होतं. तिथं मुसलमान संख्येनं थोडे होते, तरी कलम समजून घेणारा, आकडे वाचून येणारा आणि दुसऱ्या जमातीच्या प्रश्नावरही बोलणारा माणूस असला की त्याचं ऐकलं जातं, हे त्यांना माहीत होतं.

हाच अनुभव घेऊन सयानी १८९६ मध्ये काँग्रेसच्या बाराव्या अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून कलकत्त्याला गेले. याच अधिवेशनात रवींद्रनाथ टागोर यांनी वंदे मातरम् गायलं, त्यामुळं ते इतिहासाच्या पुस्तकात येतं. अध्यक्ष कोण होते ते मात्र पुस्तकात क्वचितच असतं. सयानी यांचं अध्यक्षीय भाषण लांबलचक होतं. एका मोठ्या भागात त्यांनी मुसलमान काँग्रेसमध्ये का येत नाहीत याची कारणं एकामागून एक मांडली. सतरा कारणं. प्रत्येक कारण आधी नीट, समोरच्याच्या बाजूनं सांगितलं आणि मग त्याला उत्तर दिलं. हिणवणं नाही, गद्दार म्हणणं नाही. सॉलिसिटर जसा विरुद्ध पक्षाचा कागद आधी पूर्ण वाचतो, तसं. देशातली गरिबी आणि इंग्रजी राज्यात बाहेर जाणारा पैसा यावरही ते तपशिलानं बोलले.

आम्हाला यातली पद्धत फार मोलाची वाटते. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आज कोणी वेगळं मत मांडलं की पहिल्या उत्तरात त्याचा ईमान तपासला जातो.

सयानी कलकत्त्यात होते, तेव्हा त्यांचं स्वतःचं शहर उलटंपालटं होत होतं. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेगचे रुग्ण सापडले. डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी रोग ओळखला. मांडवी म्हणजे खोजा, बोहरी, कच्छी, भाटिया यांच्या गोदामांची आणि घरांची वस्ती. डिसेंबरपर्यंत लोक गठुडी बांधून शहर सोडू लागले होते. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. हाच कायदा २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी पुन्हा बाहेर काढला गेला. मार्चमध्ये सरकारनं जनरल गॅटेकर यांच्या हाताखाली प्लेग कमिटी नेमली. घरात शिरून तपासणी, रोग्याला उचलून इस्पितळात नेणं, घरातल्यांना वेगळ्या छावणीत ठेवणं. पडद्यातल्या बायकांची तपासणी हा विषय तर आपल्या मोहल्ल्यांत आगीसारखा पसरला. आगाखानांनी, म्हणजे तिसऱ्या आगाखानांनी, स्वतः सर्वांसमोर हाफकिन यांची लस टोचून घेतली आणि खोजा लोकांना धीर दिला, ही त्या काळातली उजळ बाजू.

महापालिकेच्या दृष्टीनं मात्र आठ-नऊ वर्षांपूर्वी मिळवलेलं बरंच काही हातातून गेलं. हुकूम प्लेग कमिटीचा, निवडलेली सभा बाजूला. आपत्ती होती हे मान्य. पण आपत्तीत घेतलेले अधिकार परत देताना सरकारचा हात जड होतो, हे तेव्हाही दिसलं. १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, नवी घरं बांधायची. शहर नियोजनाचं जे सर्वात मोठं काम, ते महापालिकेला न देता वेगळ्या मंडळाला दिलं गेलं. महापालिकेचे काही प्रतिनिधी त्यावर होते, पण दोरी सरकारच्या हातात. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे त्याचं काम. आपल्यातल्या कितीतरी कुटुंबांनी ज्या बीआयटी चाळींत दिवस काढले, त्या बीआयटीची अक्षरं म्हणजे हाच ट्रस्ट. चाळी टिकाऊ बांधल्या हे खरं, पण जितकी घरं पाडली तितक्या लोकांना घर मिळालं नाही, ही तक्रारही तेव्हापासूनची. शेवटी १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. महापालिकेत सुधार समिती नावाची जी समिती आहे ती त्याचीच खूण.

म्हणजे शहर कसं वाढावं हे ठरवायचा अधिकार परत मिळवायला पस्तीस वर्षं गेली. सयानी यांना तो दिवस दिसला नाही. १८९६ ते १८९८ या काळात ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळावर होते, त्याआधी मुंबई कायदेमंडळावरही बसले होते. १९०२ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांचा इंतकाल झाला. तोवर पुढची पिढी उभी राहिली होती. १८९९ मध्ये महापालिकेच्या अध्यक्षपदी इब्राहिम रहीमतुल्ला आले. तेही मुसलमान, तेही खोजा. भेंडीबाजारात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. दोन रस्ते, दोन अध्यक्ष, आणि आपल्या मुलांना दोघेही माहीत नाहीत.

आता परत वरळी कोळीवाड्यात.

कोळीवाड्याला गेल्या वीस वर्षांत शहर नियोजनाचा चांगलाच अनुभव आला आहे. २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू सुरू झाला, तो वस्तीच्या अगदी कुशीतून जातो. त्यानंतर महापालिकेनं मरीन ड्राइव्हपासून सेतूच्या वरळीच्या टोकापर्यंत साडेदहा किलोमीटरचा किनारी रस्ता हाती घेतला. क्लीव्हलंड बंदरातून होड्या समुद्रात जातात त्या वाटेवर पुलाचे खांब येणार होते. दोन खांबांत ६० मीटर अंतर ठेवायचं ठरलं होतं. लाटा आणि वारा असताना दोन होड्या समोरासमोर आल्या तर तेवढ्या जागेत निभाव लागत नाही, खांबावर आपटतील, असं मच्छीमारांचं म्हणणं. २०० मीटर अंतर द्या अशी त्यांची मागणी होती. काम अडवलं गेलं, बैठका झाल्या, तज्ज्ञांचे अहवाल आले, आणि अखेर अंतर १२० मीटर करायचं ठरलं.

साठचे एकशेवीस झाले. ही कोळी लोकांची जीत म्हणा किंवा अर्धी जीत. आमचं लक्ष मात्र दुसऱ्या गोष्टीकडे जातं. ही सगळी खेचाखेच अखेरीला आली तेव्हा महापालिकेत निवडलेली सभाच नव्हती. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक लांबत गेली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. तेव्हा स्थायी समिती नव्हती, सुधार समिती नव्हती, महापौर नव्हता. आयुक्तच प्रस्ताव तयार करत आणि प्रशासक म्हणून तेच मंजूर करत. १८८८ च्या कायद्यातली तीन टेबलं पुन्हा एक झाली. कोळीवाड्यातल्या बायकांनी मासळीच्या टोपल्या ठेवून बंदरावर बसणं, याच्याशिवाय म्हणणं मांडायला जवळची जागा तेव्हा उरली नव्हती.

संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीनं १९९३ पासून शहरांच्या स्थानिक संस्थांना अधिकार देण्याची वाट करून दिली. बाराव्या अनुसूचीत अठरा विषय आहेत, त्यात पहिलाच नगर नियोजनाचा. प्रत्यक्षात मुंबईत एमएमआरडीए वेगळी, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण वेगळं, म्हाडा वेगळी. एका गल्लीतल्या दोन इमारतींचा नकाशा दोन वेगळ्या कार्यालयांत पास होऊ शकतो. इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट गेला, पण त्याची सावली गेली नाही.

तरीही हरकत नोंदवण्याचा रस्ता बंद झालेला नाही. २०१५ मध्ये शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा आला, त्यात चुका इतक्या की कोळीवाडे आणि गावठाणं धड दाखवलीच नव्हती. हजारो हरकती गेल्या, तो मसुदा मागे घ्यावा लागला आणि नवा तयार झाला. त्या हरकती लिहिणारे कोणी मोठे नेते नव्हते, वस्तीतलेच लोक होते. आमच्या लोकांचं काय होतं, तर मस्जिदीच्या नळाचं कनेक्शन तुटलं किंवा कब्रस्तानच्या जागेवर आरक्षण पडलं की आपण धावतो, आणि तेही नोटिशीची मुदत संपल्यावर. बस मार्ग बदलला, शाळेच्या मैदानाचं आरक्षण उठलं, फूटपाथ गेला, हे आपले विषय नाहीत असं आपण धरून चालतो. सयानी साहेबांच्या वेळी मुसलमान सभासद ट्रामच्या करारावर आणि तानसाच्या पाण्यावरही बसत होते.

वर्गात त्या मुलीला आम्ही पुढच्या तासाला हे सगळं सांगितलं. सहावीच्या मुलांना जेवढं पेलवेल तेवढं. तिचे वडील क्लीव्हलंड बंदरातूनच होडी काढतात, त्यामुळं खांबांच्या अंतराची गोष्ट आमच्यापेक्षा तिलाच जास्त माहीत होती. तिनं वर्गाला फळ्यावर दोन होड्या आणि दोन खांब काढून दाखवले, भरतीच्या वेळी पाणी कुठून ओढतं तेही बाणानं दाखवलं. मग मुलांनी ठरवलं की अर्ज करायचा. सयानी रोडच्या पाटीखाली ते कोण होते हे दोन ओळींत लिहावं, एवढीच मागणी. मसुदा मुलांनीच केला, तीन वेळा खोडला, आम्ही फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासलं. शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर ना. म. जोशी मार्गावरच्या जी दक्षिण विभाग कार्यालयात आम्ही तो देऊन आलो. खिडकीवर शिक्का मारून पोच मिळाली. ती पोच आता वर्गाच्या भिंतीवर, वेळापत्रकाच्या शेजारी चिकटवलेली आहे.